लेक वकील होते आहे, पुढे काय?

गेल्या महिन्यात बल्लारपूरच्या एका विहारात रविवारच्या वंदनेला आम्ही गेलो होतो. वंदना आटोपली, सतरंज्या गोळा झाल्या, मुले अंगणात पळाली. आम्ही चपला शोधत होतो, तेवढ्यात एक बाई पुढे आल्या.

"जयभीम भाऊ. तुमचं सदर आमच्या घरी वाचतात. एक गोष्ट विचारायची होती. पोरगी नागपूरले वकिलीच्या शेवटच्या सालात आहे. तिचे बाबा म्हणतात, जज्जाची परीक्षा दे. थे म्हणते, मी गडचिरोलीले जातो, जंगलातल्या लोकाईचे खटले लढतो. आता तुमीच सांगा, याच्यासाठी शिकवलं का आमी तिले?"

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहार शिजवतात. नवरा कोळसा खाणीत. आम्ही त्यांच्यासोबत घरी गेलो. चहा झाला. रात्रपाळी करून आलेले तिचे बाबा बोलले, "भाऊ, मी खाणीत उतरलो म्हणून पोरगी वर गेली. आता तिनं पुन्हा जंगलात जावं, हे माह्या डोक्यात बसत नाही." मुलगी चार दिवसांच्या सुटीवर आली होती. ती वाद घालत नव्हती. ती एवढेच म्हणाली, "बाबा, आजीचा कागद आठवतो ना?"

तो कागद आम्हीही पाहिला. मुलीचे आजोळ गडचिरोली जिल्ह्यात, जंगलाला लागून. आजी अडीच एकर धान पिकवायची. वनहक्काचा कायदा आला तेव्हा तिने दावा टाकला. काही वर्षांनी उत्तर आले : तीन पिढ्यांचा पुरावा नाही, दावा अमान्य. आजीने तो कागद पेटीत ठेवला. नात कायदा शिकायला गेली तेव्हा तिने तो पहिल्यांदा नीट वाचला.

वाचकहो, हा प्रश्न एका घराचा नाही. आपल्या वस्त्यांमधून आता मुले-मुली कायद्याच्या शिक्षणाकडे वळू लागली आहेत. पण वकील झाल्यावर पुढे काय, यावर घराघरात हीच भांडणे होतात. म्हणून आज थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आधी आजीच्या कागदाबद्दल. २००६ चा वनहक्क कायदा आदिवासींना एक अट लावतो आणि आपल्यासारख्या इतर पारंपरिक वननिवासींना दुसरी. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दोघांनाही दाखवावा लागतो. पण जो आदिवासी नाही, त्याने त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तिथल्या वास्तव्याचा पुरावा द्यायचा. म्हणजे १९३० सालचा पुरावा! ज्यांच्या आजोबांना शाळेची पायरी चढू दिली नाही, ज्यांच्या नावे सातबारा नव्हता, त्यांनी १९३० चा कागद आणायचा कुठून?

पण याच कायद्याच्या २००८ च्या नियमांत उत्तरही आहे. कागदच हवा असे नियम म्हणत नाहीत. गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचे सांगणे लिहून घेतले तर तोही पुरावा. जुनी विहीर, बोडी, बांध, स्मशानभूमीची जागा, हेही पुरावे. अशा पुराव्यांपैकी एकाहून अधिक असावेत, एवढेच. शिवाय ७५ वर्षे सिद्ध करायची ती वास्तव्याची, त्याच तुकड्यावरच्या ताब्याची नव्हे, हा खुलासा केंद्र सरकारच्या आदिवासी मंत्रालयाने केलेला आहे. निर्णय मान्य नसेल तर साठ दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते.

आजीच्या गावात तेव्हा नव्वदीचे दोन म्हातारे जिवंत होते. त्यांचे सांगणे लिहून घ्यायला कोणी गेले नाही. साठ दिवस आहेत, हे आजीला कोणी सांगितले नाही. दोघेही म्हातारे आता नाहीत. कायदा आजीच्या बाजूने अर्धा तरी उभा होता. कायदा जाणणारा माणूस मात्र तिच्या बाजूने उभा नव्हता. मुलीचे म्हणणे इतकेच आहे की, तो माणूस मी होते.

आता तिच्या बाबांच्या प्रश्नाकडे येऊ. शिकलेल्या माणसाने मागे का यावे? चांदा जिल्ह्याच्या माणसाला याचे उत्तर दूर शोधावे लागत नाही. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे २५ सप्टेंबर १९२५ रोजी चांद्यातच जन्मले. लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले. अशा माणसाला त्या काळी मोठ्या शहरात पैसा आणि मान दोन्ही मिळाले असते. ते चांद्याला परतले, नगरपालिकेच्या कामात पडले, समाजाच्या कामात पडले. नागपूरच्या १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेब चांद्याला आले आणि इथल्या हजारो लोकांनी धम्म स्वीकारला. त्यामागे राजाभाऊंची धडपड होती, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी आपल्याला सांगितलेले आहे. पुढे १९५८ मध्ये ते राज्यसभेत गेले, १९६९ ते १९७२ या काळात राज्यसभेचे उपसभापती होते. ९ एप्रिल १९८४ रोजी ते गेले. आज दीक्षाभूमीच्या आवारात जे महाविद्यालय उभे आहे, त्यात आपली किती मुले शिकली ते मोजून पाहा.

राजाभाऊंच्या काळातली आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तिचा संबंध या मुलीच्या सनदेशी आहे. डिसेंबर १९६४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने देशभर सत्याग्रह केला. लाखो माणसे तुरुंगात गेली. भूमिहीनांना जमीन द्या ही मोठी मागणी होती; बौद्ध झालेल्यांच्या सवलती काढून घेऊ नका, हीही त्यात होती. ही मागणी केंद्राच्या पातळीवर मान्य व्हायला १९९० साल उजाडले. त्या वर्षीच्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. आता पुढचे पाहा. वकिलांच्या १९६१ च्या कायद्यात लिहिले आहे की सनदेसाठी नोंदणी शुल्क सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये. प्रत्यक्षात वेगवेगळ्या राज्यांच्या बार कौन्सिल पंधरा-पंधरा हजार, काही त्याहूनही जास्त घेत होत्या. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार खटल्यात सांगितले की, कायद्यात लिहिले आहे त्याहून अधिक शुल्क घेता येणार नाही. मुद्रांक शुल्क असेल ते वेगळे. म्हणजे १९६४ मध्ये ज्यांनी तुरुंगातली भाकर खाल्ली, त्यांच्यामुळे बल्लारपूरच्या या मुलीची सनद १२५ रुपयांत होते. लढा कुठे सुरू होतो आणि फळ कोणाच्या पदरात पडते, ते असे आहे.

खुद्द बाबासाहेब १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले तेव्हा सनद काढायला त्यांच्याजवळ पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली तेव्हा वकिली सुरू झाली. सनदेसाठी हात पसरावा लागणे ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नाही. म्हणून हा निकाल प्रत्येक घराने लक्षात ठेवावा, आणि जातीचे प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवावे.

पण गडचिरोलीच का? नागपूरला वकिली करता येत नाही का? येते. परंतु जिथे वकील जास्त तिथे आणखी एकाची गरज थोडी, आणि जिथे रस्ता संपतो तिथे गरज मोठी. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. सिरोंच्याच्या माणसाला जिल्ह्याचे गाव गाठायला दोनशे किलोमीटरच्या आसपास यावे लागते. त्यात अनेक घरांत गोंडी किंवा माडिया बोलतात. समन्स मराठीत, आरोपपत्र मराठीत, प्रश्न मराठीत. आपल्यावर आरोप काय आहे हेच ज्याला कळत नाही, तो निर्दोष असला तरी काय बोलणार? भामरागडकडचे ॲड. लालसू नोगोटी माडिया समाजातले पहिले वकील म्हणून ओळखले जातात. २०१७ मध्ये लोकांनी त्यांना जिल्हा परिषदेवर निवडून दिले. आपल्या भाषेत ऐकून घेणारा वकील मिळाला की लोक त्याला आपला पुढारी मानतात, तो यामुळे. चंद्रपूर जिल्ह्यातले ॲड. दीपक चटप २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेले. गडचिरोली जिल्ह्यातले ॲड. बोधी रामटेके मानवाधिकारांच्या अभ्यासासाठी युरोपीय संघाची इरास्मस मुंडस शिष्यवृत्ती मिळवून गेले. या दोन जिल्ह्यांतल्या खेड्यांचे प्रश्न घेऊनच ही मुले तिथवर पोहोचली. जंगलात जाणे म्हणजे मागे जाणे, ही समजूत त्यांनी खोटी ठरवली आहे.

आणखी एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री एका गरीब आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. ती सोळा वर्षांच्या आतबाहेर होती. आरोपी दोन पोलीस. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये त्यांना सोडले. उच्च न्यायालयाने १९७६ मध्ये दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडले. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या, हे त्यातले एक कारण. ठाण्यात, रात्री, खाकी वर्दीपुढे एक पोर झटापट करणार कशी, असा प्रश्न तेव्हा कोणी विचारला? कायदा शिकवणाऱ्या चौघांनी विचारला. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार यांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला उघड पत्र लिहिले. देशभर बाया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या अत्याचाराला वेगळी, कडक शिक्षा आली; आणि तिथे बाईने कोर्टात 'माझी संमती नव्हती' असे सांगितले तर न्यायालयाने ते मानून चालावे, असे ठरले. अशा मुलीचे नाव छापू नये, हेही त्याच दुरुस्तीने आले. म्हणून आम्ही येथे तिचे नाव लिहीत नाही. त्या मुलीला स्वतःला न्याय मिळाला नाही, हे विसरू नये. पण तिच्यानंतरच्या बायांसाठी जो कायदा झाला, त्याचे मूळ आपल्याच वडसा-देसाईगंजच्या मातीत आहे.

आता आईच्या भीतीबद्दल. ती भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. या भागात एकीकडे बंदुकीचे राजकारण झाले, 'खबऱ्या' ठरवून गरीब माणसे मारली गेली. दुसरीकडे 'नक्षल समर्थक' असा शिक्का बसायलाही वेळ लागला नाही. नागपूरचे ॲड. सुरेंद्र गडलिंग आपल्याच वस्तीतून वर आलेले, गडचिरोलीतल्या अनेक आदिवासींचे खटले लढलेले. ६ जून २०१८ रोजी त्यांना भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झाली आणि खटला उभा न राहताच त्यांची वर्षांमागून वर्षे तुरुंगात गेली. हे मुलीलाही ठाऊक आहे. तिला आम्ही इतकेच सांगितले : वकिलाने एकट्याने फिरू नये, वरिष्ठाच्या हाताखाली काम शिकावे, प्रत्येक भेटीची, प्रत्येक अर्जाची नोंद ठेवावी, आणि हिंसेशी कोणत्याही बाजूने सोयरीक ठेवू नये. आरोपीची बाजू मांडणे म्हणजे गुन्ह्याची बाजू घेणे नव्हे. त्याला वकील मिळालाच पाहिजे, हे संविधानाच्या २२ व्या कलमातच आहे.

मग पोटाचे काय? बाबांचा हा प्रश्न सर्वांत खरा आहे. नव्या वकिलाची पहिली वर्षे कठीण असतात, हे लपवून उपयोग नाही. नव्या वकिलांना शहरात महिना २० हजार आणि खेड्यात १५ हजार रुपये द्यावेत, अशी शिफारस भारतीय बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. दुसरा मार्ग विधी सेवा प्राधिकरणाचा. २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत गरिबांच्या फौजदारी खटल्यांसाठी पगारी बचाव वकील नेमण्याची योजना आली. त्यातल्या सहायकाच्या जागेसाठी नवे वकीलही अर्ज करू शकतात. गरिबांचा खटला लढायचा आणि घरी पगारही आणायचा, हे त्यात जमते. शिकत असतानाच्या खर्चासाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. वसतिगृह मिळाले नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे.

आणि न्यायाधीशाच्या परीक्षेचे म्हणाल, तर २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की दिवाणी न्यायाधीशाच्या पहिल्या पायरीवर यायला आधी तीन वर्षांची वकिली हवी. ही गोष्ट आम्ही सांगितली तेव्हा बाबा थोडे थांबले. म्हणजे पोरगी उद्या जज्ज व्हायची असली तरी तिला काळा कोट घालून तीन वर्षे कोर्टाची पायरी चढावीच लागणार. मग ती पायरी गडचिरोलीची का नसावी? उद्या ती न्यायासनावर बसली तर आजीचा कागद पाहिलेली न्यायाधीश वेगळी असेल, असे आम्हाला वाटते.

समाजाचे नेतृत्व म्हणजे काय, यावरही दोन शब्द. फलकावर फोटो आणि जयंतीच्या वर्गणीची पावती म्हणजे नेतृत्व, अशी आपली सवय झाली आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाकडे पाहा. देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी अभ्यास गट बसवला, एकेक कायदा वाचला, समजून घेतला, मग मागणी केली. २००९ मध्ये गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही आला. 'शिका' या शब्दाचा अर्थ त्या गावाने करून दाखवला. आपल्या विहारात महिन्यातून एक संध्याकाळ अशी का असू नये? वस्तीतला वकिलीचा विद्यार्थी मध्ये बसेल, आणि एकेकाने आपला अडलेला कागद आणावा.

तोपर्यंत प्रत्येक घराने काही गोष्टी पाठ करून ठेवाव्यात. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, कोणत्याही बाईला, लहान मुलाला आणि कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टातही त्याची समिती असते. फोन नंबर १५१००. मानवी हक्क आयोगाकडे साध्या कागदावर, मराठीतही तक्रार करता येते, शुल्क लागत नाही. फक्त घटनेपासून एक वर्षाच्या आत करावी. आणि कोणताही सरकारी निर्णय हाती आला की आधी त्यावरची तारीख पाहावी, दाद मागायची मुदत विचारावी. कागद पेटीत ठेवण्याआधी कोणाला तरी वाचायला द्यावा. आजीचे शेत त्या एका चुकीने गेले.

संध्याकाळ झाली, आम्ही निघालो. बाबा स्टेशनपर्यंत पोहोचवायला आले. बराच वेळ काही बोलले नाहीत. फलाटावर म्हणाले, "भाऊ, मी खाणीत लागलो तवा तीन साल बदलीवर होतो. रोज गेटवर उभं राहाचं, काम भेटलं तं भेटलं, नाही तं वापस. माह्या बापानं तवा मले तीन साल पोसलं, मंग मी पक्का झालो. पोरीलेबी तीन साल देऊन पाहतो."

मग थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "त्या काळ्या कोटाले पैसे किती लागतात?"

आम्ही अंदाजे आकडा सांगितला. त्यांनी मनात हिशेब केला आणि मान हलवली. गाडी आली.

जयभीम.